समाजकार्याची पदवी आणि सरकारी शिष्यवृत्ती: महाडीबीटी व स्वाधारचं परीक्षण

फीसाठी महाडीबीटीला, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलला, पाचपैकी चार. राहण्या-खाण्यासाठी महाडीबीटीला दीड, राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार योजनेला साडेतीन. फील्डवर्कच्या, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष क्षेत्रकार्याच्या, खर्चासाठी दोघांनाही शून्य, कारण त्या खर्चासाठी रकानाच नाही.

हे गुण सरसकट नाहीत. बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) करून पुढे वस्तीत, गावात, एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काम करायचं ज्याने किंवा जिने ठरवलंय, अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून ते दिलेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वाधारच्या जागी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज) आणि विशेष मागास प्रवर्गातल्या (विमाप्र) विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या गटातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहावी लागते. अटी थोड्या बदलतात, पण खाली सांगितलेल्या अडचणी बहुतेक सगळ्यांच्या सारख्याच आहेत.

आधी पैशांचं पाहू. महाडीबीटीवरून मिळणाऱ्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीसाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्यात दोन गोष्टी मिळतात: कॉलेजची सक्तीची, परत न मिळणारी फी आणि निर्वाह भत्ता. अनामत रक्कम यात बसत नाही, ती खिशातूनच भरावी लागते, म्हणून प्रवेशाच्या वेळी पावतीवरचे रकाने नीट वाचून घ्या. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिपचा अर्ज करायचा, त्यात फी मिळते पण भत्ता नाही. केंद्राने २०२१ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे ठरतो. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० ते १३,५००. तुमचा अभ्यासक्रम पोर्टलवर कोणत्या गटात टाकलाय हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला पहिल्याच आठवड्यात विचारा. सर्वात वरच्या गटात, वसतिगृहात राहूनसुद्धा महिन्याला ११२५ रुपये होतात. एवढ्यात पुण्यात किंवा नागपुरात महिन्याची मेस बसत नाही.

म्हणून स्वाधार. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. इतर महापालिका क्षेत्रात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. शैक्षणिक साहित्यासाठी वरून थोडी रक्कम, जी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला ५,००० आणि बाकी सगळ्यांना २,००० आहे. ही रक्कम खरोखर माणसाला शहरात तगवते. राज्य सरकारच्या विद्यार्थी योजनांमध्ये मला सर्वात विचारपूर्वक आखलेली वाटते ती हीच, कारण तिने भाडं, जेवण आणि वरखर्च वेगवेगळे मोजले.

अडचण अशी की वसतिगृहाचा अर्ज न करता थेट स्वाधारपर्यंत पोचता येत नाही. आधी वसतिगृहासाठी अर्ज, तिथे नंबर लागला नाही की मग स्वाधार. अनेक मुलं 'वसतिगृहात नंबर लागणारच नाही' म्हणून तो अर्ज टाळतात आणि तिथेच बाद होतात. विद्यार्थी कॉलेज असलेल्या गावचा स्थानिक रहिवासी नसावा, मागच्या परीक्षेत किमान ५० टक्के हवेत, आणि हजेरी ७५ टक्के. कागदांत भाडेकरार किंवा घरमालकाचं पत्र लागतं. तिघे-चौघे मिळून खोली घेतात आणि करार एकाच्याच नावावर करतात, मग बाकीच्यांकडे राहण्याचा पुरावाच उरत नाही. करारात सगळ्यांची नावं घालून घ्या, त्याने भाडं वाढत नाही. आणि मॅट्रिकोत्तरचा निर्वाह भत्ता अधिक स्वाधार अशी बेरीज करून वर्षाचं बजेट मांडू नका. भत्ता वजा करून स्वाधार किती मिळणार ते समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या आणि त्याच आकड्यावर भाड्याची खोली बघा.

आता हजेरी. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला ही अट ज्या ठिकाणी पकडते ते ठिकाण योजनेच्या कागदात कुठेच दिसत नाही. या अभ्यासक्रमात आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं: कुणाला वस्तीतली बालवाडी, कुणाला सरकारी रुग्णालयातला समाजसेवा विभाग, कुणाला ग्रामपंचायत, कुणाला कौटुंबिक सल्ला केंद्र. उरलेले चार दिवस वर्ग. फील्डवर्कची हजेरी एजन्सीच्या, म्हणजे विद्यार्थ्याला जिथे पाठवलंय त्या ठिकाणच्या, वहीत आणि विद्यार्थ्याच्या डायरीत लागते, वर्गाची कॉलेजच्या मस्टरवर. दोन्ही एकत्र केल्या नाहीत तर सहापैकी चार दिवस एकही तास न चुकवता बसलेल्या मुलीची हजेरी ६७ टक्के भरते. ७५ च्या खाली. म्हणजे जी मुलगी सगळ्यात नियमित, तिचाच हप्ता अडकतो. उपाय सोपा आहे, पण तो सत्राच्या सुरुवातीला करायचा. फील्डवर्क समन्वयकाकडून दर महिन्याला एजन्सीच्या हजेरीची सही-शिक्क्याची प्रत घ्यायची आणि ती मस्टर सांभाळणाऱ्याकडे द्यायची. ग्रामीण शिबिराचे दिवसही त्यातच धरून घ्यायचे. सत्र संपल्यावर सुपरवायझर बदललेला असतो, एजन्सीतला माणूस दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो, आणि मग सही मिळवायला हेलपाटे सुरू होतात.

फील्डवर्कचा प्रवास हा दुसरा न मोजलेला खर्च. समजा, जाऊन-येऊन साठ रुपये लागतात. आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्याला ४८० रुपये. ये-जा करणाऱ्याला मिळणारा सर्वात मोठा भत्ता महिन्याला ५८३ रुपये पडतो. उरले शंभर. त्यात अहवालाच्या वह्या, झेरॉक्स, सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या, गटाच्या कार्यक्रमासाठी चार्टपेपर आणि रंगीत पेनं. एसटीचा विद्यार्थी पास दोन-तृतीयांश सवलतीत मिळतो, पण तो घर ते कॉलेज अशा ठरलेल्या मार्गाचा असतो. फील्डवर्कचं गाव त्या मार्गावर नसलं की पास खिशातच राहतो. मुलींना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ते कुठल्याही मार्गावर चालतं, त्यामुळे गावात फील्डवर्कची नेमणूक (प्लेसमेंट) असलेल्या मुलींचा भार खरंच हलका झालाय. मुलांना तेवढाही दिलासा नाही. म्हणून एजन्सी वाटपाच्या वेळी गप्प बसू नका. पासच्या मार्गावरची एजन्सी मिळेल का, हे ओरिएंटेशन व्हिजिट चालू असतानाच विचारा. काही संस्था विद्यार्थ्याला स्थानिक प्रवासखर्च देतात, पण कॉलेजने पत्रात तसं लिहिलं तरच. कॉलेजचं प्लेसमेंट पत्र हा एक पानाचा कागद असतो, त्यात एक ओळ वाढवायला कुणाची हरकत नसते.

अर्जाकडे येऊ. महाडीबीटीवर नोंदणी आधारवर येणाऱ्या ओटीपीने होते. मग प्रोफाइल: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालक, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकला की दाखला आपोआप पडताळला जातो. हा पोर्टलचा सर्वात चांगला भाग आहे. जुना, हस्तलिखित दाखला असेल तर आधी तो 'आपले सरकार'मधून नव्याने काढा, नाहीतर स्कॅन अपलोड करून मानवी पडताळणीची वाट पाहावी लागते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये प्रवेश घेताना हातात मागच्या आर्थिक वर्षाचाच दाखला असतो, म्हणून एप्रिल-मे मध्येच तलाठ्याकडून अहवाल घेऊन सेतूत अर्ज टाका. बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की तिथे रांगा लागतात.

अर्ज सादर झाला की तो कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. यातल्या कुठल्याही पायरीवर तो 'सेंड बॅक' होऊ शकतो. याचा अर्थ नामंजूर नव्हे, दुरुस्त करून परत पाठवा एवढाच. पण त्याची सूचना नोंदणीच्या मोबाइल नंबरवर येते, आणि दरम्यान सिमकार्ड बदललं असेल तर ती कुणालाच कळत नाही. अर्ज मुदत संपेपर्यंत विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. दर पंधरवड्याला लॉगिन करून स्थिती बघणं हा एकच इलाज. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरायचा नसतो, रिन्यूअल करायचं असतं. चुकून नवीन अर्ज केला तर दोन्ही अडकतात.

सर्वात जास्त पैसे अडकतात ते मात्र बँकेच्या पायरीवर. 'माझं खातं आधारला लिंक आहे' असं प्रत्येक जण सांगतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण ते केवायसीपुरतं. शिष्यवृत्ती यायला खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याच्या यादीत, आधारशी सीड झालेलं, म्हणजे जोडलेलं, लागतं. ही वेगळी नोंद असते आणि एका आधारवर एकाच बँकेची असते. शेवटी जिथे सीडिंग झालं, पैसे तिथेच जातात. कधी एखाद्या पेमेंट बँकेत सिमकार्डवाल्याने उघडून दिलेल्या, विसरलेल्या खात्यात रक्कम पडलेली असते आणि विद्यार्थी वर्षभर समाजकल्याण कार्यालयात चकरा मारत असतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं, अर्ज भरण्याच्या दिवशीच ते बघून स्क्रीनशॉट ठेवून द्या. दुसरी गोष्ट, पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जात नाही. सरकारी लाभ जमा होताना शिल्लकेची मर्यादा नियमाने धरली जात नाही, पण फी आणि स्वाधारचा हप्ता मिळून वर्षाच्या जमेची मर्यादा ओलांडू शकते. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असल्याने फीसुद्धा आता विद्यार्थ्याच्या खात्यातून फिरते. केंद्राचा हिस्सा थेट खात्यात पडतो आणि त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. कल्पना चांगली आहे, विद्यार्थ्याला स्वतःचा हक्क दिसतो. प्रत्यक्षात जिथे घरी दवाखान्याचं बिल थकलंय तिथे खात्यात अचानक आलेली रक्कम फी आहे की भत्ता, हे कुणी सांगत नाही. पोर्टलवर हप्त्याचा तपशील बघून दोन्ही वेगळे करा आणि फी भरल्याची पावती जपा. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी किंवा टीसी काढताना हीच पावती मागितली जाते. प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली तर शिष्यवृत्तीला पात्र असल्याचा कागद आणि हमीपत्र देऊन सवलत मागता येते. तोंडी विनंती करू नका, अर्ज देऊन पोच घ्या.

एक नियम असा आहे की ज्यामुळे समाजकार्याकडे येणारी किती तरी मुलं पहिल्याच पायरीवर अडकतात. एका पातळीवरचं शिक्षण पूर्ण करून त्याच पातळीवरच्या दुसऱ्या विषयाला प्रवेश घेतला तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. समाजशास्त्रात एमए झालं, नंतर एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केलं, कामाची ओढ लागली आणि एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला: शिष्यवृत्ती नाही. बीए करून मग बीएसडब्ल्यूला आलं तरी तेच. बीए नंतर थेट एमएसडब्ल्यू चालतं. म्हणून समाजकार्याचा विचार मनात असेल तर एमए सुरू करण्याआधीच निर्णय घ्या. हा नियम मला अन्यायकारक वाटतो. माणसाला या कामाची ओढ बऱ्याचदा पदवीनंतरच लागते, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो निवांत दुसरी पदवी करतो.

कॉलेज निवडताना नावाबरोबर फीची रचना बघा. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात आणि तिथली फी कमी असते. मुंबईतलं निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हेच शिक्षण देतायत. टाटा समाजविज्ञान संस्था तर १९३६ ची, आणि तिचं तुळजापूरचं आवार ग्रामीण कामाकडे वळणाऱ्यांसाठी विशेष उपयोगी आहे. पण मोठ्या संस्थेत फी मिळाली तरी वसतिगृह आणि भोजनाचा आकडा मोठा असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीधारकांची वसतिगृह आणि भोजन शुल्कातली सवलत काढून घेण्याविरुद्ध या संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीतल्या विद्यार्थ्यांनी संप केला होता. प्रवेशपत्रिकेत शिकवणी शुल्काच्या खाली मेस आणि निवासाचे आकडे वेगळे दिलेले असतात. शिष्यवृत्तीत काय बसतं आणि काय नाही, ते त्या पानावर पेन्सिलीने खूण करून बघा.

पदवीनंतर संस्थेत शिरताना शिष्यवृत्तीच्या कागदांची सवय कामी येते, कारण संस्थाही कागदांवरच चालतात. नोकरी स्वीकारण्याआधी विचारा: संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, १२ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत) आहे का, कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक दायित्वाचा, पैसा घेत असेल तर त्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आहे का. ती १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. मग पदाविषयी: ज्या प्रकल्पातून पगार निघणार आहे तो कधी संपतो? सीएसआरचे बरेच प्रकल्प एका आर्थिक वर्षापुरते मंजूर होतात, म्हणून नियुक्तीपत्रावर ३१ मार्च ही तारीख दिसली तर नूतनीकरण कशावर ठरतं ते तोंडावर विचारा. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेत प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे तुमचं पद 'कार्यक्रम' खाली आहे की 'प्रशासन' खाली, यावर ते किती टिकेल हे ठरतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी, दहा किंवा जास्त असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती: दोन्ही कायद्याने आहेत, मेहरबानी नाही. मुलाखतीत हे विचारणारा उमेदवार चांगल्या संस्थेला आवडतो.

थेट नोकरी नको असेल तर दोन मधल्या वाटा मजबूत आहेत. गडचिरोलीतल्या सर्च संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं 'निर्माण' १८ ते २९ वयाच्या तरुणांसाठी आहे. शिबिरांमधून आपण कोणत्या प्रश्नावर काम करायचं हे ठरवायला मदत होते. हे कॉलेजात असतानाच करा, पदवीनंतर घरून कमाईचा तगादा लागतो. दुसरी एसबीआय यूथ फॉर इंडिया: १३ महिने एका संस्थेसोबत गावात राहून स्वतःचा प्रकल्प उभा करायचा, मानधनासह. बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूची फील्डवर्क डायरी इथल्या निवडीत मोठा आधार ठरते. मात्र मुलाखतीला 'मी वस्तीत जनजागृती केली' असं सांगून भागत नाही. किती घरं, कोणता प्रश्न, काय केलं, काय जमलं नाही आणि का, हे डायरीतून काढून दोन पानांत लिहून ठेवा.

शेवटचं एक. अंतिम वर्षाचा हप्ता बऱ्याचदा पदवी हातात आल्यानंतर येतो, तोवर विद्यार्थी पहिल्या संस्थेत रुजू झालेला असतो. संस्था पगारासाठी नवं खातं उघडते आणि ते करताना बँक आधार सीडिंग आपल्याकडे वळवून घेते. मग शिष्यवृत्ती पगाराच्या खात्यात येते, आणि दरम्यान नोकरी सोडून ते खातं बंद केलं असेल तर परत जाते. नव्या खात्याचा फॉर्म भरताना आधार सीडिंगच्या चौकोनात टिक करायची की नाही ते तुमच्या हातात असतं. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत ती करू नका, आणि जुनं खातंही बंद करू नका.